माझ्या डाव्या कानाकडे बघा

समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी पहिली सूचना देते ती ही, की माझ्या डाव्या कानाकडे बघा. माणसं गोंधळतात. काही जण कानातलं बघून 'छान आहे' म्हणतात. पण कुणाच्या डोळ्याचं चित्र काढायचं असेल तर त्याने आपल्या डोळ्यात बघून चालत नाही. दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यात फार वेळ बघू लागली की एक तर हसतात नाही तर रडतात, आणि दोन्हीत डोळा हलतो. म्हणून कान. गेली नऊ वर्षं दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या कितीतरी लोकांनी माझा डावा कान तासन्‌तास न्याहाळला आहे, आणि मी त्यांचा एकेक डोळा.

मी कृत्रिम डोळे बनवते. हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे चष्म्याचं दुकान?" दुसरा येतो, "त्यातून दिसतं का?" नाही दिसत. अपघातात, आजारात, विटीदांडू खेळताना ज्यांचा डोळा गेला, त्यांच्या रिकाम्या खोबणीत बसणारा हा डोळा चेहरा पुरा करण्यापुरता असतो. तो काचेची गोटीही नसतो. दातांची कवळी ज्या प्लॅस्टिकची करतात, त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं ते वाटीसारखं पातळ कवच असतं. आधी खोबणीचा ठसा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना करायचा, मेणावरून पांढरं कवच. त्या पांढऱ्यावर तांबड्या रेशमाचे केसाहून बारीक तंतू चिकटवले की शिरा होतात. मग बुबुळ. ते बटणाएवढ्या चकतीवर हाताने रंगवावं लागतं, थरावर थर देत, माणसाच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत. मध्यभागी काळी बाहुली. वर पारदर्शक थर, पॉलिश, झालं. लिहायला चार ओळी लागल्या, करायला तीन-चार दिवस लागतात.

याआधी मी गुरुग्राममध्ये बटणांचे रंग ठरवायचे. शर्टाची नव्हे, मोबाईलच्या ॲपमधली. 'आत्ता खरेदी करा' हे बटण नारिंगी असावं की हिरवं, यावर चार वर्षं माझं पोट चाललं. एकदा आमच्या टीमने दोन नारिंगी रंगांमधल्या फरकावर सहा आठवडे काढले होते. पगार चांगला होता आणि तो हवाच होता, कारण एमबीएसाठी मी मोठं शैक्षणिक कर्ज घेतलं होतं. एवढ्या रकमेला बँक तारण मागते. बाबांनी दिल्लीच्या द्वारका भागातला आमचा फ्लॅट तारण ठेवला. टपाल खात्यात उभं आयुष्य नोकरी करून त्यांनी घेतलेली ती एकुलती एक मोठी वस्तू. सही करताना ते एवढंच म्हणाले, "शिक्षणासाठी आहे, ठीक आहे." घराची मूळ कागदपत्रं बँकेत गेली आणि आमच्या गोदरेजच्या कपाटातला एक कप्पा रिकामा झाला. बाबांनी तो तसाच रिकामा ठेवला.

आई गेली त्या सकाळी नेत्रपेढीतून दोन माणसं आली. तिने नेत्रदानाचा अर्ज भरून ठेवला होता हे बाबांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी दाराशी उभी राहून बघत होते. काम झाल्यावर त्यांतल्या वयस्कर माणसाने पिशवीतून दोन छोटी कवचं काढली, आईच्या पापण्यांखाली सरकवली आणि पापण्या मिटल्या. चेहरा होता तसा झाला, अगदी दुपारी डोळा लागल्यावर व्हायचा तसा. मग त्याने तिच्या कपाळावरचे केस बोटांनी सारखे केले. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, पण मी थक्क होऊन बघत राहिले. नखाएवढ्या दोन प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी मला माझी आई त्या एका दिवसापुरती परत दिली होती. हे कोण बनवतं, असं मी त्याला विचारलं.

"ये तो सादा ढक्कन है, मॅडम," तो म्हणाला. "असली काम देखना हो तो करोल बाग़ में ख़ालिद साहब के पास जाइए."

महिनाभराने एका शनिवारी मी गेले. मेट्रो स्टेशनमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. एक मोठी उत्तरेची खिडकी, कारण रंग जुळवायला दिवसभर एकसारखा उजेड लागतो; ट्यूबलाइटखाली जुळवलेलं बुबुळ उन्हात भलत्याच माणसाचं वाटतं. सत्तरीला आलेले खालिदसाहेब डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच एक म्हातारी सरदारीण जिना चढून आली. धाप लागलेली. तिने पर्समधून दागिन्याची जुनी डबी काढली. आत कापसात एक डोळा होता.

"इनका है," ती म्हणाली. "पिछले महीने चले गए. सोचा, किसी के काम आ जाए."

तो कुणाच्याच कामाला येणार नव्हता. प्रत्येक डोळा एकाच खोबणीच्या मापाचा असतो, दुसऱ्याला बसत नाही. खालिदसाहेब हे तिला सांगतील म्हणून मी वाट बघत होते. ते उठून उभे राहिले, ती डबी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "अमानत है, बहनजी." ती गेल्यावर त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढून मला दाखवला. आत ओळीने डोळे होते, तीस-चाळीस तरी, प्रत्येक आपापल्या कापसात. सगळे परत आलेले. बायकांनी, मुलांनी, एका शेजाऱ्याने आणून दिलेले. मी चार वर्षं रंगांवर बोलून पगार घेत होते आणि तपकिरी म्हणजे काय हे मला त्या खणात पहिल्यांदा दिसलं. आपण सरसकट तपकिरी म्हणतो त्या डोळ्यात बाहुलीभोवती तांब्यासारखं एक कडं असतं, त्यातून बाहेर शेकडो तंतू धावतात, मधेच एखादा मधाचा ठिपका असतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बुबुळाच्या काठावर दुधाळ निळी रेघ उमटते. एकासारखं दुसरं नाही. अजून मला एकही जोडी सापडलेली नाही.

पुढचं वर्षभर मी शनिवार-रविवार तिथे शिकले. मग नोकरी सोडली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "हप्ता कोण भरणार?"

"मी."

"बरं," ते म्हणाले आणि पेपर उलटला.

हप्ता भरायचा तर जुनं काम पुरतं सोडता येत नव्हतं. एका छोट्या कंपनीचं काम घरून घेतलं. सकाळी सहा ते दहा बटणं, अकरानंतर बुबुळं. एमबीएला माझ्याबरोबर शिकलेली मंडळी तेव्हा सिंगापूरला जात होती आणि मी मेट्रोच्या ब्लू लाईनवर रेशमाचे तंतू डबीत घेऊन बसलेली असायचे. हेवा वाटायचा. पण एकदा नोएडाचे एक निवृत्त पीटीचे मास्तर नवा डोळा लावून आरशासमोर उभे राहिले, मागे वळून बायकोला त्यांनी खेकसून विचारलं, "क्या देख रही हो?" आणि ती माउली ओढणीत तोंड घालून रडायला लागली, कारण अपघातानंतर सहा महिन्यांत ते पहिल्यांदा खेकसले होते. अशा दिवशी सिंगापूर जरा लांब जायचं.

खालिदसाहेबांची एक सवय मला सुरुवातीला वैताग आणायची. बुबुळ रंगवताना ते समोरच्याशी अखंड बोलत, आणि ते सगळं बोलणं कमालीचं कंटाळवाणं असे. तुमच्याकडे कुठली बस जाते. मटार काय भाव. पाण्याचा टँकर किती वाजता येतो. मला वाटायचं, म्हातारा माणूस, बोलायची हौस. असलं बोलणं हासुद्धा कामाचाच भाग होता, हे मला कळलं ते माझ्या हातून चूक झाल्यावर.

साधारण पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच सुमारास, जिच्या बटणांवर माझा हप्ता चालायचा ती कंपनी बंद पडली. दोन हप्ते चुकले. बँकेचं पत्र आलं ते द्वारकेच्या पत्त्यावर, बाबांच्या नावे, कारण तारण त्यांचं. हप्ते असेच थकत गेले तर घरावर कारवाई होऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि कपाटातल्या त्या रिकाम्या कप्प्यात ठेवलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी गुरुग्रामच्या जुन्या साहेबांना फोन केला. त्यांना आनंद झाला. जागा होती, आधीपेक्षा मोठी. त्या पगारात दीड-दोन वर्षांत कर्ज फिटलं असतं. सोमवारी अकराला ये, वरच्यांना भेट, बाकी औपचारिकता, असं ठरलं. मी मनाशी हिशोब संपवला. हातातला एक डोळा पुरा करायचा आणि इथून निघायचं. खालिदसाहेबांना सांगायचा धीर मात्र झाला नाही.

तो हातातला डोळा समीरचा होता. समीर परभणीकडचा, नागरी सेवा परीक्षेची तयारी करायला राजेंद्रनगरला खोली घेऊन राहिलेला. सातव्या वर्षी विटी लागून डावा डोळा गेला, तेव्हापासून काळा चष्मा. लेखी परीक्षा चष्म्यावर निभावली. आता मुलाखत होती.

"पाच जणांपुढं काळा गॉगल घालून कसं बसू, ताई?" तो म्हणाला. "अन् काढला तर ते डोळ्याकडंच बघतील. मी काय बोलतोय ते कुणी ऐकायचं न्हाई."

मुलाखत पुढच्या मंगळवारी होती. बुधवारी मी त्याचं बुबुळ रंगवायला घेतलं. खालिदसाहेब दवाखान्यात गेले होते. समोर आपल्या भाषेत बोलणारा मुलगा, त्यात माझं हे शेवटचं काम, मला मटारचा भाव विचारवेना. मी मुलाखतीबद्दल विचारलं आणि तो सुटला. कुठले प्रश्न येतील, शिवणकाम करून पैसे पाठवणारी बहीण, मागच्या वेळी दोन गुणांनी हुकलेली यादी, हा शेवटून दुसरा प्रयत्न. दोन तास तो बोलत होता, माझ्या डाव्या कानाकडे बघत. मी जसं दिसलं तसं रंगवत गेले. बुबुळ इतकं उतरलं की माझं मलाच कौतुक वाटलं. शुक्रवारी डोळा बसवला. आरशात बघून तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अर्ध्यातच धरलं.

शनिवारी सकाळी तो परत दारात. पुन्हा काळा चष्मा.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "रंग लई भारी जमलाय. पण रात्रभर आरशात बघतोय. हा एक डोळा भ्यालाय."

मी त्याला खिडकीशी उभं केलं. खरंच होतं. उजवा डोळा साधा, झोप न झालेला. डाव्यातली बाहुली चांगलीच मोठी, टक्क उघडी, साप समोर असावा तशी. खालिदसाहेबांनी खुर्चीतूनच एकवार बघितलं.

"इंटरव्यू की बात की थी?"

"जी."

"पुतली रोशनी से ही नहीं बदलती, बेटी. डर से खुलती है. ख़ुशी से भी खुलती है. दोनों में एक जैसी. इसीलिए मैं मटर का भाव पूछता हूं." मग हळूच म्हणाले, "तुमने इसका डर छाप दिया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहुली नंतर लहान करता येत नाही, वरचा थर कापून बुबुळ पहिल्यापासून करावं लागतं. शनिवारी रंगवायचं, रविवारी थर बसू द्यायचा, सोमवारी दिवसभर घासून, पॉलिश करून बसवायचं. सोमवारी अकराला मी गुरुग्रामला असणार होते. तिथेच उभी राहून मी खालिदसाहेबांना सगळं सांगून टाकलं, पत्र, बाबांचं घर, नोकरी.

"जाना है तो जाओ," ते म्हणाले. "घर बड़ी चीज़ है. लड़के का मैं कर दूंगा." आणि त्यांनी कुंचला उचलला. कुंचल्याचं टोक थरथरायला लागलं. वर्षभर ते माझ्याकडूनच सगळी बुबुळं का करून घेत होते, ते मला तेव्हा उमगलं. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून बघितलं, मग कुंचला शांतपणे खाली ठेवला. समीर खिडकीबाहेर बघत होता.

मी जिन्यात जाऊन गुरुग्रामच्या साहेबांना फोन केला. सोमवारऐवजी बुधवार चालेल का, असं विचारलं.

"यार, सोमवार नहीं तो फिर नहीं," ते म्हणाले. "ऊपर वाले उसी दिन आ रहे हैं, उनके पास दूसरा नाम भी है. ऐसा क्या अर्जंट है?"

"एक आंख दोबारा बनानी है."

ते "अच्छा" म्हणाले आणि फोन ठेवला. मला अजिबात शूर वगैरे वाटलं नाही. वर येऊन मी समीरला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या मेसचा आठवड्याचा मेनू विचारला.

"सोमवारी राजमा," तो म्हणाला. "मंगळवारी राजमा. बुधवारी छोले, म्हंजे राजम्याचाच भाऊ." हळूहळू त्याच्या डोळ्यातली बाहुली रोजच्या मापाला आली. मी तीच रंगवली.

त्या दिवशी निघताना खालिदसाहेबांनी मला घरचा अभ्यास दिला. रोज बघता असं एक माणूस घ्या आणि फक्त त्याची बाहुली बघायला शिका. घरात रोज दिसणारं माणूस एकच होतं. रविवारी दुपारी मी बाबांना बाल्कनीत खुर्चीवर बसवलं, म्हटलं, माझ्या डाव्या कानाकडे बघा. त्यांचं बुबुळ काळपट वाटायचं मला. जवळून ते गुळाच्या रंगाचं निघालं, काठावर वयाची निळी रेघ. जन्मापासून ज्या माणसाला बघत होते त्याच्या डोळ्यांचा रंग मला माहीत नव्हता. मी बाहुली रंगवायला घेतली आणि कुंचला चालू ठेवूनच सांगितलं, की गुरुग्रामची नोकरी मी काल घालवली.

बाबांचा चेहरा हलला नाही. पापणी लवली नाही. पण माझ्यासमोर, हातभर अंतरावर, त्यांची बाहुली उघडत गेली. उघडतच गेली, गुळाचा रंग एका कड्यापुरता उरेपर्यंत.

"मान थोडी उजवीकडे वळवू का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "ठीक आहे अशीच."

भीतीनेही उघडते आणि आनंदानेही, दोन्हीत सारखीच. मला काय ते कळलं नाही आणि विचारायची हिंमत नव्हती. मी दिसली तशी रंगवली. बटणाएवढी ती चकती डबीत ठेवून दिली.

सोमवारी समीरचा डोळा बसला. त्याने आरशात बघितलं, खिडकीशी जाऊन बघितलं, मोबाईलवर फोटो काढून बघितलं. "आता दोघंबी गप हायेत," म्हणाला. अंतिम यादीत त्याचं नाव आलं नाही. मला वाटलं, माझं सगळं पाण्यात गेलं. त्याचा फोन आला तो असा: "ताई, नापास झालो खरा, पण दोन्ही डोळ्यांनी झालो. पाऊण तासात एकानं बी विचारलं न्हाई की कुठला खरा." पुढच्या वर्षी तो राज्यसेवेत लागला. दर हिवाळ्यात डोळ्याला पॉलिश करून घ्यायला येतो आणि मला राजमा खायला घालतो.

माझं काय झालं ते सांगायला फारसं रंजक नाही. बँकेत खेटे घातले, मुदत वाढवून हप्ता उतरवून घेतला. स्कूटी विकली. संध्याकाळी डिझाइन शिकणाऱ्या मुलांना रंगांचे वर्ग घेतले. तेवढी वर्षं व्याज वाढत राहिलं आणि बाबांच्या घराची कागदपत्रं, ती नोकरी धरली असती तर आली असती त्यापेक्षा कितीतरी उशिरा परत आली. समीरच्या डोळ्याचा मला पस्तावा नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी इतकी वर्षं दुसऱ्याकडे गहाण असलेल्या घरात झोपवलं, याची खंत आहे आणि ती राहील. खालिदसाहेब आता रंगवत नाहीत. ते कोपऱ्यात बसतात, मी रंगवत असले की समोरच्याला टँकरची वेळ विचारतात, आणि त्याची बाहुली जागेवर आली की माझ्याकडे बघून मान हलवतात.

गेल्या हिवाळ्यात शेवटचा हप्ता फिटला. आम्ही दोघं बँकेत जाऊन फाईल घेऊन आलो. बाबांनी चष्मा लावून एकेक पान तपासलं, कपाट उघडलं, त्या कप्प्यातून बँकेचं जुनं पत्र काढून फाडलं आणि त्याजागी फाईल ठेवली. एवढ्या वर्षांनी तो कप्पा भरला. त्यांनी चहाचं आधण ठेवलं तेव्हा मी डबीतली चकती आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. ती काय आहे ते सांगितलं, आणि त्या रविवारी बाहुली कशी उघडली होती तेही. मग इतकी वर्षं अडून राहिलेला प्रश्न विचारला, "बाबा, भीती होती की आनंद?"

त्यांनी चकती उजेडात धरली. आपलाच डोळा ते बराच वेळ बघत राहिले.

"भीतीच," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? घर जातंय असं वाटलं मला." मग म्हणाले, "पण तू उठू नयेस असंही वाटत होतं. तुझी आई गेल्यापासून इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं."

लोकांच्या डोळ्यात तासन्‌तास बघणं हे माझं काम, त्याचे मी पैसे घेते, आणि त्या रविवारनंतर मी त्यांना एकदाही समोर बसवलं नव्हतं.

मी रंगांची पेटी काढली. बाबांनी गॅस बंद केला, बाल्कनीत जाऊन त्याच खुर्चीवर बसले आणि न सांगता माझ्या डाव्या कानाकडे बघू लागले.